एक्केचाळीस नंबरची चौकट

या ब्लॉगवर मी आजवर किल्ले लिहिले, घाट लिहिले, मिसळीची दुकानं लिहिली. ही पोस्ट तशी नाही. ही रागात लिहिलेली आहे, आणि राग उतरायच्या आत लिहून काढायची म्हणून फोटोसुद्धा धड लावलेले नाहीत. जालन्याला कसं जायचं, कुठे काय खायचं, हे मध्येमध्ये येईलच. त्यातलं कामाचं वाटेल ते घ्या, पण बाकीचंही वाचा.

सुरुवात एका फोननं झाली. अठरा वर्षांपूर्वीपर्यंत मी अंबड तालुक्यातल्या एका गावात नोकरी करत होते. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, संस्थेचंही नाही. आरोग्याचा अभ्यास होता. एकाच गावातली तीच माणसं वर्षानुवर्षं तपासत राहायचं, म्हणजे पाण्याचा, खाण्याचा शरीरावर काय परिणाम होतो ते कळतं. मी घरोघर जायचे, उंची-वजन घ्यायचे, दात आणि गुडघे बघायचे, प्रत्येक घरातल्या माठातलं पाणी बाटलीत भरून बाटलीवर घराचा नंबर टाकायचे. तीन वर्षं हे केलं, मग लग्न करून नाशिकला आले. गावातली सिंधूमावशी तेव्हा संस्थेची मदतनीस होती आणि ती अजूनही आहे. फोन तिचा होता.

ती म्हणाली, "मीने, कागद आलाय बघ अखेर. सगळा इंग्रजीत हाय. खाली मराठीत दोन वळी हायेत, त्या वाचल्या आन् डोस्कं फिरलं माझं. तू ये."

या अभ्यासासाठी इतकी वर्षं रक्त दिल्यावर गावाला मिळालेला हा पहिला कागद. त्या दोन ओळींचा अर्थ असा, की जुन्या गावातल्या ओढ्याच्या बोअरचं पाणी पिण्यालायक नाही, ते बंद करावं. रोडवरच्या नव्या वस्तीतल्या बोअरबद्दल एकही तक्रार आढळलेली नाही. त्यावरून पंचायतीनं ठरवलं, ओढ्याचा हातपंप काढायचा आणि शाळेची टाकी रोडच्या बोअरला जोडायची. चर खणून झाला होता, नळाचं उद्घाटन गुरुवारी होतं. मावशीची नात श्रद्धा त्या शाळेत पहिलीत आहे, तिचे पुढचे दात नुकतेच पडलेत. मावशीचं म्हणणं एवढंच होतं, की पिवळे-तपकिरी दात रोडकडच्या पोरांचे आहेत, ओढ्याकडच्या पोरांचे नाहीत. हे तिला डोळ्यांनी दिसत होतं आणि कागद उलटं सांगत होता.

मी सोमवारी निघाले. नाशिकरोडहून जालन्याची गाडी मिळते, जागा आधी काढून ठेवा, नाहीतर मनमाडपर्यंत उभं राहावं लागतं. माझ्या शेजारी बियाण्यांचे एक व्यापारी होते. त्यांनी 'जालना सोने का पालना' ही म्हण मला तीनदा ऐकवली, आणि प्रत्येक वेळी मी मान हलवली. उतरले तेव्हा एमआयडीसीतली पाळी सुटलेली होती, मोटारसायकलींची रांगच्या रांग आणि टेम्पोत उभी माणसं. स्टेशनजवळच्या लॉजवर राहिले. खोली साधी, पाणी गरम, तक्रार नाही.

मंगळवारी सकाळी एसटीनं अंबड. बायकांना अर्धं तिकीट आहे, आधार कार्डही कुणी विचारलं नाही. रस्ता आता चांगला झालाय. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, वेचणीला बायका लागलेल्या, मध्येच मोसंबीच्या बागा. अंबडला रफीकभाई जीप घेऊन उभे होते. मावशीनंच सांगून ठेवलं होतं. रफीकभाई अंबड ते गाव अशी प्रवाशांची जीप चालवतात, दाढी आता पांढरी झालीय. मला बघून म्हणाले, मॅडम तुम्ही तर जाड झाल्या. मी म्हटलं, वजन घ्यायला कुणी येत नाही ना आता. ते खूप हसले. या प्रवासात मी हसले ते तेवढंच.

वाटेत अंतरवाली सराटीच्या चौकात चहाला थांबलो. चहा गोड आहे, साखर कमी सांगितलीत तरी गोडच येतो, सांगून बघा. मी रफीकभाईंना विचारलं, कागद बघितला का. ते म्हणाले, आपल्याला काय कळतं त्यातलं, साहेब लोकांनी लिहिलंय म्हणजे बराबरच असंल. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, म्हणून मला जास्त टोचलं. मग म्हणाले, आधी माझ्या घरी चला, पाणी तरी घ्या, घर नवं बांधलंय ते तुम्ही बघितलं नाही.

घर रोडवरच्या वस्तीत आहे. सिमेंटचं, पोपटी रंगाचं, समोर जीप लावायला जागा. आणि त्या पोपटी भिंतीत जुनी, काळी, जाड सागाची चौकट. मी उंबऱ्यापाशी चप्पल काढली, मान वर केली आणि तशीच उभी राहिले. चौकटीच्या डोक्यावर निळ्या ऑइलपेंटनं ४१ लिहिलेलं होतं. अक्षर माझं. चाराला मी लांब शेपूट काढते, आजही काढते. चौकटीला नवं पॉलिश केलेलं होतं, पण आकड्याभोवती बोटभर जागा सोडून. तेवढा तुकडा तेव्हाचा जुना तसाच ठेवला होता.

मी विचारलं, हा नंबर इथे कसा? रफीकभाईंना प्रश्नच कळला नाही. मग त्यांनी सांगितलं.

"ओढ्याला पाणी आल्तं त्या साली घरं पडली ना आमची. बारा घरं आम्ही इकडं आलो. वालिदची सागाची चौकट, ती कशी सोडणार? सगळ्यांनीच आपापली काढून आणली. आन् तुम्हीच सांगितलं होतं, नंबर पुसायचा न्हाई. आम्ही बिलकुल पुसला न्हाई."

ज्यांना खेडं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. इकडे घर पडलं, मोडलं, हललं तरी चौकट सोडत नाहीत. माती मातीत जाते, पण सागाची चौकट बैलगाडीत घालून नव्या घराला बसवतात. आजोबांनी आणलेली असते, लेकी-सुना तिच्यातून आल्या-गेलेल्या असतात. आणि आम्ही शहाण्यांनी घराचा नंबर लिहिला तो नेमका चौकटीवर. भिंतीला चुना लावतात, नंबर जाईल, म्हणून चौकट निवडली होती. ही अक्कल माझीच होती, आणि तेव्हा अभ्यासाच्या प्रमुख साहेबांनी माझं कौतुकही केलं होतं.

रफीकभाईंच्या बायकोनं पाणी आणलं. मी पेला हातात धरून बसले. त्यांची मुलगी सना बारावीला आहे, हुशार आहे. ती बोलताना ओढणी तोंडावर धरून बोलत होती. मला वाटलं लाजते आहे. मग एकदा ओढणी सरकली. दातांवर तपकिरी चट्टे होते. ती याच वस्तीत जन्मली, याच बोअरचं पाणी पीत वाढली. दर वर्षी शाळेतल्या कॅम्पात तिच्या ओठाला मोजपट्टी लावून दातांचे फोटो काढले, आणि तोंड मोठं उघड म्हणून सांगितलं. तिनं मला एकच विचारलं, "त्या फोटोंचं काय करतात?" मी पेला खाली ठेवला.

मावशीकडे गेले. मावशी आता वाकली आहे पण जीभ तशीच आहे. तिनं कागद पुढे टाकला. शेवटच्या पानावर गावाचा नकाशा छापला होता, रंगीत, छान. तो नकाशा मी काढलेला आहे. मारुतीच्या देवळात बसून, आलेखाच्या कागदावर, पट्टी घेऊन. उत्तरेचा बाणसुद्धा माझाच. त्यात तीस ते एक्केचाळीस ही बारा घरं ओढ्याकाठी होती आणि रोडला एकही घर नव्हतं.

आता हिशेब सोपा आहे, कुणालाही कळेल. ती बारा घरं रोडवर गेली, रोडच्या बोअरचं पाणी पिऊ लागली, त्यांच्या पोरांचे दात खराब झाले. कागदावर मात्र ती अजून ओढ्याकाठी आहेत. म्हणून दोष ओढ्याच्या बोअरला लागला. रोडवर नंतर आलेल्या घरांना नंबरच नव्हते, त्यांना कुणी तपासलंच नाही. म्हणून रोडच्या बोअरबद्दल एकही तक्रार नाही. तक्रार कुठून येणार, नकाशावर तिथे माणूसच नाही. माझ्यानंतर पुढची सगळी वर्षं शाळेत कॅम्प लागायचा. घरचं पाणी बाटलीत भरून आणा, नंबर सांगा, हात पुढे करा, रक्त द्या, बिस्किटचा पुडा घ्या. घरोघर जायचे कष्ट कुणी घेतले नाहीत. आणि मावशीनं तो नकाशा अठरा वर्षांत कधी बघितला नव्हता, कारण तिला तो कुणी दाखवलाच नव्हता.

ती म्हणाली, "मला ठाऊक होतं की सगळं. कोण कुठं ऱ्हातं, कुणाचं पाणी कुठलं. मला कुणी इचारलंच न्हाई."

इथपर्यंत मी फक्त संस्थेवर चिडले होते, आणि ते सोयीचं होतं. पण मावशीनं पुढे विचारलं, मीने, चौकटी हलल्या तेव्हा तू इथंच होतीस ना? होते. माझं तिसरं वर्ष होतं. मी बैलगाडीत चौकटी जाताना बघितल्या होत्या, रफीकभाईंच्या दारात ते आठवायचं टाळलं एवढंच. साहेबांना सांगितलंही होतं. ते म्हणाले होते, नंबर तोच आहे ना? मग नंबर लिही, नकाशा नंतर बघू. मी नंबर लिहिला. त्या वर्षीच्या प्रत्येक फॉर्मवर 'पत्ता पडताळला' असा रकाना होता आणि मी प्रत्येक फॉर्मवर बरोबरची खूण करून सही केली होती. माझं लग्न ठरलं होतं, मला घरी जायची घाई होती.

"तुला तवा दिसलं व्हतं?" मावशीनं विचारलं. मी हो म्हटलं. ती उठून चुलीकडे गेली.  मग ज्वारीची भाकरी, येसराची आमटी आणि ठेचा असं ताट पुढे सरकवलं आणि म्हणाली, जेव. येसर ही मराठवाड्याची खास गोष्ट आहे, भाजलेल्या धान्यांचं आणि मसाल्याचं पीठ, एरवी मी यावर अख्खी पोस्ट लिहिली असती. त्या दिवशी मी नुसतं जेवले. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

जेवण झाल्यावर साहेबांना फोन लावला. ते आता मोठ्या पदावर आहेत. फार गोड बोलले, किती वर्षांनी, मुलं काय करतात. मी बारा घरांचं सांगितलं. ते म्हणाले, बारा घरांनी एकूण निष्कर्षात मोठा फरक पडत नाही. मी विचारलं, एकाच बोअरच्या काही घरांचं पाणी खराब आणि काहींचं चांगलं, असं इतकी वर्षं येत होतं, तुम्हाला प्रश्न पडला नाही? म्हणाले, पाणी साठवण्याच्या पद्धतीतला फरक असेल असं आम्ही धरलं होतं. म्हणजे बायका माठ नीट धूत नाहीत, असं धरलं होतं.  मी म्हटलं, गुरुवारी शाळेत रोडचं पाणी येतंय. ते म्हणाले, तो पंचायतीचा निर्णय, आपण फक्त शिफारस करतो, पुढच्या अहवालात नकाशा दुरुस्त करू.

पुढचा अहवाल दोन वर्षांनी आहे. तोवर श्रद्धा तिसरीत जाईल.

फोन ठेवायच्या आधी त्यांचा आवाज बदलला. "मीना, लेखी काही देऊ नकोस. फॉर्मवर सह्या तुझ्या आहेत. नाव तुझंच येईल." त्यात खोटं काहीच नव्हतं. मी नाशिकला आज एका दवाखान्यात नोंदींचंच काम करते. मी खोटी खूण करणारी बाई आहे असं माझ्याच हातानं लिहून दिलं, तर उद्या तिथे कोण ठेवेल मला?

बुधवारी सकाळी ग्रामसेवकांना गाठलं. तरुण आहेत, नव्यानं बदलून आलेले, माणूस वाईट नाही. आधी म्हणाले की शिक्क्याचा कागद आहे, मी काय करू. मावशीनं त्यांचा हात धरला, अक्षरशः मनगट धरलं, आणि रोडच्या वस्तीत नेलं. एकेका दारापुढे उभं केलं. तीस, एकतीस, बत्तीस. कुणाची चौकट काळी, कुणी निळी रंगवलेली, एकीवर आंब्याच्या पानांचं वाळलेलं तोरण. नंबर सगळ्यांवर, भोवती जागा सोडून. तेहतीस नंबरच्या म्हातारीनं तर नंबरवर हळदकुंकू वाहिलेलं होतं. का म्हणून विचारलं तर म्हणाली, सरकारी आहे ना ते. आम्ही सरकारीसुद्धा नव्हतो. ग्रामसेवक दर दारापाशी नकाशा बघत होते आणि दर दारापाशी त्यांचा चेहरा उतरत होता.

एक्केचाळीस झाल्यावर ते म्हणाले, "ताई, मला दिसतंय सगळं. पण वरती दाखवायला कागद लागतो. त्यांच्याकडं कागद आहे. तुमच्याकडं काय आहे?"

रफीकभाईंच्या ओट्यावर बसून मी लिहिलं. सनानं तिच्या वहीतलं पान फाडून दिलं. लिहिलं, की हा नकाशा मी काढला. घरं हललेली मी डोळ्यांनी बघितली होती. तरी पत्ता पडताळला अशी खोटी खूण मी केली. सांगणाऱ्या साहेबांचं नाव लिहिलं, पण खूण माझी आहे हेही लिहिलं. या नकाशावर भरवसा ठेवून शाळेला पाणी देऊ नये. खाली सही, पत्ता, फोन नंबर.  ग्रामसेवकांनी पान दोनदा वाचलं, फोटो काढला, आणि तिथूनच चर बुजवायला माणूस पाठवला. म्हणाले, दोन्ही बोअरचं पाणी तपासून येईपर्यंत काही जोडत नाही.

पाणी तपासायला काय लागतं, हे तुम्हाला सांगितलंच पाहिजे. दोन स्वच्छ बाटल्या लागतात. जिल्ह्याच्या ठिकाणी प्रयोगशाळा असते. बाटल्यांवर बोअरचं नाव घालायचं, घराचा नंबर नाही, आणि ग्रामसेवकांची चिठ्ठी घेऊन जायचं. फी किरकोळ. मी आणि मावशी रफीकभाईंच्या जीपनं जालन्याला गेलो, बाटल्या दिल्या, पावती घेतली आणि बसस्टँडसमोर उसाचा रस प्यालो. आटपलं. एवढंच काम होतं. यासाठी सनाच्या दातांचे फोटो लागत नव्हते, तेहतीस नंबरच्या म्हातारीचं वर्षा-वर्षाला रक्त लागत नव्हतं. संस्थेचे लोक एका गावाकडे इतकी वर्षं भिंग लावून बघत बसले, आणि कुणाला वाटलं नाही, की आलेला आकडा त्या घरात जाऊन सांगावा. मीसुद्धा त्यातलीच. नाशिकला बसून मला या गावाची आठवण यायची ती हुरडा आणि येसरासाठी.

जांब समर्थला जायचं मनात होतं, देऊळ बघायचं होतं, तिथून गाव फार लांब नाही. जमलं नाही. तुम्ही गेलात तर अंबडहून घनसावंगीकडची गाडी धरा आणि सकाळी लवकर निघा. मी गुरुवारी सकाळची गाडी पकडून परत आले. उद्घाटन झालं नाही. मांडवाचे बांबू उभे राहिले होते ते काढून नेले, असं मावशीनं कळवलं.

घरी येऊन आठवडा झाला. दवाखान्यात मी स्वतःच सांगून टाकलं. तिथल्या डॉक्टरीणबाई विचार करून सांगते म्हणाल्या. अजून सांगितलेलं नाही. संस्थेकडून एक पत्र आलंय, त्यात माझ्या 'एकतर्फी कृतीबद्दल' खेद व्यक्त केलाय. बारा घरांबद्दल त्यात एक शब्द नाही. मी ते चार वेळा वाचलं, शोधून शोधून वाचलं.

काल मावशीचा फोन आला. पाण्याचा अहवाल आला होता. ओढ्याचं पाणी चांगलं, रोडच्यात फ्लोराइड जास्त, दातांना आणि हाडांना दोन्हींना वाईट. हातपंप राहणार, शाळेला ओढ्याकडून लाइन टाकणार. श्रद्धाचं निभावलं. रोडवरच्या घरांना टँकर द्यायचं बोलणं चाललंय, तोवर बायका ओढ्यावरून हंडे आणतात. सनाच्या दातांना आता पाणी बदलून काही होणार नाही, हे तिला ठाऊक आहे. मावशी म्हणाली, ती आता ओढणी धरत नाही, चिडून सगळ्यांसमोर दात दाखवून बोलते.

मग रफीकभाईंनी फोन घेतला. जरा अवघडलेले होते. म्हणाले, "मॅडम, एक इचारायचं होतं. नंबर आता पुसला तर चालंल का?"

अठरा वर्षांनीसुद्धा तो माणूस माझी परवानगी मागत होता.  मी म्हणाले, पुसा भाई, आजच पुसा. तेवढ्यात मावशीनं फोन ओढून घेतला.

"पुसायचा न्हाई," ती म्हणाली. "तो साहेब येऊ दे. आधी त्याला या चौकटीत उभा करते, सनाला त्याच्यापुढं तोंड उघडायला लावते. मंग त्याच्याच हातानं पुसून घेऊ."

नंबर अजून आहे.